आकसण्याची सूट

लोखंड थंड होताना आकसतं.
फुटामागे एक सूत.
म्हणून उद्यमबागेत आम्ही सागवानाचा पॅटर्न
हव्या त्या मापापेक्षा जरा थोराड करतो.
ही सूट मला बापानं शिकवली.
बापाला कुणी शिकवली, ते त्यानं सांगितलं नाही.

परवा येळ्ळूरच्या देवळात बुवा सांगत होते,
त्याच्या मनात नसेल तर काडी हलत नाही.
बायका माना डोलवत होत्या.
मी मांडी बदलली.
मला पंपाच्या अठरा बॉड्या आठवत होत्या.

अठरा.
वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर बसला नव्हता,
जोडावर पायरी पडलेली, बोटाला लागेल एवढी.
चौगुले सुपरवायझरनं रजिस्टर पुढं सरकवलं,
'कारण' या रकान्यावर पेन ठेवलं.
कारण मला माहीत होतं.
डॉवेलचं भोक मीच सैल पाडलं होतं,
घाईत, गिरमिट न बदलता.
पेन उचललं, लिहिलं: मोल्डरची चूक.
अक्षर चांगलं आलं.

बसलिंग हुदलीचे तीन दिवसांचे पैसे कापले.

तेव्हापासून रात्री मी वर बघून भांडतो.
तूच घडवलंस ना?
मग हे भित्रं लाकूड कुठल्या वखारीतलं?
रेषा तुझ्या, गाठही तूच ठेवलेली,
रंधा गाठीवर अडला तर रंध्यानं काय करायचं?
असं भांडलं की बरं वाटतं.
आठ-दहा मिनिटं.
मग हात दिसतो.
पेन उचलायच्या आधी तो क्षणभर टेबलावर होता.
नुसता होता.
ढकलणारं कुणी नव्हतं, धरणारंही नव्हतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट
बुवांना सांगायची राहून गेली.
पॅटर्न वाळूत आहे तोवर रस ओतता येत नाही.
आधी तो काढून घ्यावा लागतो,
हळू, टिचक्या मारत, भिंत न मोडता.
त्यासाठीच कडांना उतार देतो आम्ही,
निघून जाता यावं म्हणून.
मागं उरते त्याच्या आकाराची पोकळी,
अंधार, आणि ओल्या वाळूचा वास.
आलेला रस पोकळी बघूनच वळतो, हे खरं.
पण थंड कसं व्हायचं,
कुठं फुगा धरायचा, कुठं चीर,
हे ठरतं तेव्हा पॅटर्न
फळीवर उताणा पडलेला असतो.

की हेही मी सोयीचंच बोलतोय?
वाळू ओली कुणी केली, असं विचारलंत
तर मला उत्तर येत नाही.

अमावस्येला भट्टी बंद होती.
सायकल काढली, अनगोळला गेलो.
बसलिंग दारात बसून
पोरीच्या दप्तराची चेन दुरुस्त करत होता.
मराठीत सुरू केलं, मधेच कन्नडमध्ये शिरलो,
'चूक'पेक्षा 'तप्पु' तोंडातून लवकर सुटला.
तप्पु नंदु, म्हणालो. माझी.
त्यानं चेन दोनदा वर-खाली करून बघितली.

"गोत्तित्तु."

माहीत होतं.
त्याच संध्याकाळी त्यानं डॉवेल हलवून बघितला होता,
आणि पॅटर्न गुपचूप रॅकवर ठेवून दिला होता.

"मग बोलला का नाहीस?"
"तू कवा बोलतोस, बघत होतो."

चहा आला. साखर जास्त होती.
पैशांचा विषय मी काढला, त्यानं दप्तर पोरीकडं फेकलं,
ती चेन लावत, काढत, लावत आत गेली.

उद्या त्या पॅटर्नला नवं भोक पाडायचंय.
गिरमिट बदलून.
अगदी घट्टही करून चालत नाही म्हणा,
मग अर्धे एकमेकांत अडकतात,
सुटत नाहीत.
किती सैल ठेवायचं,
ते हाताला विचारावं लागतं दर वेळी.